उलांडीची होडी आणि तीन अंगांची नौका

आमच्या घोडेगावाहून समुद्र फार दूर. तथापि कोकणात गेलेल्या विद्यार्थ्याने उलांडीची होडी अवश्य पाहावी. होडीच्या एका अंगास दोन आडव्या वाशांनी बांधलेला ओंडका, तीच उलांडी. होडी तिच्याकडे कलली, तर ओंडका पाण्यात दबून तीस वर लोटतो. उलट कलली, तर आपल्या वजनाने मागे ओढतो.

शर्यतीच्या ट्रायमरान नौकेस दोन्ही अंगांस असे तरंगते भाग असतात, पण पोकळ. तळाशी शिशाचा भार नको, म्हणून ती हलकी. डोलकाठीचे ताण दूरवर बांधता येतात, म्हणून शीड मोठे. अशाच नौकेतून फ्रान्सिस जॉयाँ व पाच सोबत्यांनी २०१७ च्या जानेवारीत सुमारे ४१ दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

मात्र अशी नौका उलथली, तर आपोआप सरळ होत नाही. तिची रुंदीच तीस उलटी धरून ठेवते. यास्तव वारा चढण्यापूर्वीच शीड आखडावे लागते.