खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर की सरकारी कॉलेजात मेटलर्जी? पैसे भरण्याआधीचा हिशेब

बारावीचा निकाल लागतो आणि कॅपच्या फेऱ्या संपायच्या कितीतरी आधी खासगी विद्यापीठाचा फोन येतो. 'कॉम्प्युटरची जागा आहे, या आठवड्यात पैसे भरा.' दुसरीकडे एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल बघता सरकारी कॉलेज मिळेल असं वाटतं, पण शाखा मेटलर्जी किंवा सिव्हिल. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांच्या घरात हा पेच दरवर्षी पडतो.

बहुतेक पालक दोन्हीकडची वार्षिक फी शेजारी-शेजारी लिहून बघतात. एवढ्याने भागत नाही.

फी सवलत कुठे मिळते?

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. याच उत्पन्न मर्यादेत मुलांना साधारणपणे निम्मी सवलत मिळते. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोटा यात बसत नाही आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं तर या निर्णयातून सरळ वगळलेली आहेत.

म्हणजे अशा घरातल्या मुलीने खासगी विद्यापीठ निवडलं, तर फरक केवळ जास्त फीचा नसतो. एका बाजूला जवळजवळ शून्य शिक्षण शुल्क आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण रक्कम, असा तो असतो. ही गोष्ट प्रवेश झाल्यावर कळलेली घरं पुष्कळ आहेत.

इथे एक तिसरा रस्ता नजरेआड होतो. कॅपमधून भरली जाणारी विनाअनुदानित खासगी कॉलेजं 'खासगी' असली, तरी त्यांचं शुल्क राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि सवलतही तिथे लागू होते. कॉम्प्युटरच हवं असेल, तर आधी ही यादी चाळावी.

कर्ज काढलं तर?

समजा, फी वर्षाला ३ लाख आहे आणि चार वर्षांचे १२ लाख १० टक्के व्याजाने कर्ज काढून भरले. शिकत असताना आणि त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज चढत राहतं. सरळव्याजाने मोजलं तरी हप्ते सुरू होईपर्यंत ते ४ लाख २० हजार होतं. ही १६ लाख २० हजारांची रक्कम १० वर्षांत फेडायची, तर महिन्याचा हप्ता सुमारे २१,४०० रुपये आणि एकूण परतफेड २५ लाखांच्या वर जाते. हॉस्टेल-मेस यात धरलेलं नाही. पहिल्या नोकरीत हातात ३५ हजार पडत असतील, तर पुण्यात भाडं देऊन हा हप्ता भरणारा मुलगा घरी काय पाठवणार?

पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती ठरावीक संस्थांपुरती. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे कर्जाचा अर्ज करण्याआधीच बघावं.

शाखा की कॉलेज?

याला सरसकट उत्तर नाही. सीओईपी (१८५४) किंवा व्हीजेटीआय (१८८७) यांच्यासारख्या संस्थेत नावडती शाखा मिळाली, तरी सोबतची मुलं आणि माजी विद्यार्थ्यांचं जाळं उपयोगी पडतं. मात्र 'सरकारी' ही पाटी म्हणजे हमी नव्हे. काही ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतात, हॉस्टेल सगळ्यांना पुरत नाही. आणि मुलाला धातूशास्त्रात काडीचा रस नसेल, तर चार वर्षं स्वस्तात रेटणं हाही तोटाच. घरातल्या बचतीतून फी सहज भरता येत असेल आणि विद्यापीठ खरोखर चांगलं असेल, तर खासगीकडे जाण्यात चूक काही नाही. कर्जावर उभा असलेला निर्णय मात्र वेगळा.

'खरोखर चांगलं' हे जाहिरातीवरून ठरवू नका. होर्डिंगवर दिसतं ते एकाच विद्यार्थ्याला मिळालेलं सर्वांत मोठं पॅकेज. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती विद्यार्थी पदवीधर झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मध्यक पगार किती, हे आकडे असतात. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा. होर्डिंगवरचं पॅकेज आणि हा आकडा यांत केवढं अंतर आहे, ते स्वतः बघा. ही माहिती सगळ्या शाखांची एकत्र असू शकते, म्हणून आपल्या शाखेचे आकडे वेगळे मागून घ्या.

आधी पैसे भरले आणि नंतर कॅपमध्ये जागा लागली तर?

प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करण्याचे यूजीसीचे नियम आहेत आणि ते खासगी व अभिमत विद्यापीठांनाही लागू आहेत. किती रक्कम कापली जाणार, हे तुम्ही कोणत्या तारखेला अर्ज करता यावर ठरतं. मूळ गुणपत्रिका किंवा दाखला संस्थेला अडकवून ठेवता येत नाही. पैसे भरण्याआधी परताव्याच्या अटी आणि शेवटची तारीख लेखी मागा आणि ती तारीख कॅपच्या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहा. फोनवरच्या 'काळजी करू नका, परत मिळतात' या वाक्याची पावती मिळत नाही. प्रवेश रद्द करताना अर्ज ईमेलने करा आणि पोच जपून ठेवा.