पाइप फुटतो कुठे?

कारण जिथे, परिणामही तिथेच, असं आपण नकळत धरून चालतो. पाण्याच्या पाइपला हे लागू पडत नाही.

फेब्रुवारी 2021मध्ये टेक्सासात कडाक्याची थंडी पडली, वीज गेली आणि असंख्य घरांतले पाइप फुटले. तिथे ते बरेचदा छताखालच्या गार माळ्यावरून नेलेले असतात.

आता बघा, पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. पण पाइप बहुधा बर्फापाशी फुटत नाही. बर्फ वाढत जातो, तो आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, दाब चढतो आणि पाइप त्या टप्प्यात कुठेतरी फाटतो.

म्हणून पाइपला जाड वेष्टण तर हवंच, पण गोठवणाऱ्या रात्री त्या पाइपवरचा नळही थोडा ठिबकत ठेवायचा. पाणी वाया जातंय असं वाटेल. खरं तर ती दाबाला दिलेली वाट आहे. तरी गोठलंच, तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाकडून मागे मागे शेक द्या. ज्योत मात्र लावू नका.

आणि मुख्य कॉक कुठे आहे, ते घरातल्या सगळ्यांना आजच दाखवा. फूट बरेचदा बर्फ वितळल्यावरच कळते. तेव्हा पाणी घरात धावत असतं, कॉक शोधायला सवड नसते.