फिट, कांदा आणि मानेतली नस

तुंगार्लीत काय किंवा लोणावळ्याच्या इतर वस्त्यांत काय, कोणाला फिट आली की अजून कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावतात. मग अंगारा. मुलगी असली तर घरादाराच्या तोंडाला कुलूप, स्थळ मोडेल ना! समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही घरोघर जातो तेव्हा हेच पाहतो, म्हणून ही माहिती.

फिट म्हणजे मेंदूतील चेतापेशींमध्ये एकाएकी उठलेला विजेचा कल्लोळ. बाहेरची बाधा नव्हे. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. ज्यांना पडत नाही, त्यांच्यातल्या काहींसाठी एक यंत्र आहे. अमेरिकेत त्याला १९९७ साली मान्यता मिळाली. छातीच्या कातडीखाली छोटी डबी बसवतात आणि तिची तार मानेतल्या डाव्या वेगस नसेला गुंडाळतात. ही नस मेंदूच्या देठापासून हृदय, फुप्फुसे, पोटापर्यंत जाते. गंमत अशी की, तिचे बहुसंख्य तंतू वरचे हुकूम खाली नेत नाहीत, खालच्या खबरा वर नेतात. आमच्या कचेरीच्या भाषेत, जावक थोडी, आवक फार!

वीज मात्र सतत सोडत नाहीत. साधारणपणे ३० सेकंद चालू, ५ मिनिटे बंद. ती खबर देठातील लोकस सेरुलस, म्हणजे ‘निळी जागा’, इथल्या पेशींपर्यंत पोचते. त्या पेशी नॉरॲड्रिनॅलिन हे द्रव्य मेंदूभर पाठवतात. १९९८ च्या प्रयोगात उंदरांमधील ही जागा निकामी केली, तेव्हा नसेला वीज देऊनही फिट आवरेना. २०१७ साली उंदरांवरच दिसले की, विजेचा जोर किंवा प्रत्येक ठोक्याची लांबी वाढवली की या पेशी जास्त चेततात. ठोके तितकेच ठेवून नुसता वेग बदलला, तर पेशी चेतण्याची वेळ बदलते, एकूण प्रमाण नाही. म्हणून डॉक्टर हे आकडे रोग्यागणिक हळूहळू जुळवतात. यंत्राने फिट कमी होतात, पण साफ थांबतात अशांची संख्या थोडी. शिवाय खर्च लाखांत.

जवळच कैवल्यधाम आहे. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. संथ श्वासानेही वेगसवर परिणाम होतो, हे खरे. पण म्हणून गोळ्या सोडू नका. त्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेतते.

लग्नाचे म्हणाल तर विवाह कायद्यातील फेफऱ्याची अट १९९९ साली काढून टाकली आहे. हा कायदा आपल्यालाही लागू आहे. तेव्हा लपवालपवी कशाला?

फिट आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना गाठा.