दिल्लीत रस्ता अपघात झाल्यास: पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार मोफत

दिल्लीत बसने कामावर जाणाऱ्याला दिवसातून अनेकदा रस्ता ओलांडावा लागतो. रिंग रोड, आनंद विहार, कश्मीरी गेट अशा ठिकाणी बस, ई-रिक्षा, दुचाकी आणि पायी चालणारे एकाच गर्दीत असतात. अशा ठिकाणी वाहनाची धडक बसली, तर पैशांची जमवाजमव करत थांबू नका. केंद्र सरकारची ‘रस्ता अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचार योजना, 2025’ याचसाठी आहे. ती 5 मे 2025 पासून देशभर लागू आहे.

काय मिळते?
• प्रत्येक जखमी व्यक्तीला 1,50,000 रुपयांपर्यंतचे उपचार.
• मुदत: अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त 7 दिवस.
• नियुक्त रुग्णालयात या मर्यादेपर्यंतचे पैसे तुम्हाला भरावे लागत नाहीत; रुग्णालयाला ते योजनेतून मिळतात.

कोणाला मिळते?
मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर जखमी झालेल्या कोणालाही. पादचारी, सायकलस्वार, बसमधील प्रवासी, रिक्षाचालक असे सगळे यात येतात. उत्पन्नाची अट नाही. तुम्ही महाराष्ट्रातून दिल्लीत कामासाठी किंवा उपचारासाठी आला असाल, तरीही लाभ मिळतो.

मात्र रुळांवर धावणारे वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ ठरत नाही. त्यामुळे मेट्रो गाडीमुळे झालेली दुखापत या योजनेत बसत नाही. मेट्रो स्थानकाबाहेर रस्त्यावर वाहनाने धडक दिली, तर ती बसते.

काय करावे?
1. 112 वर फोन करा. जागा नेमकी सांगा: बस थांब्याचे नाव, उड्डाणपूल किंवा मेट्रोच्या खांबाचा क्रमांक.
2. जवळचे नियुक्त रुग्णालय कोणते, हे विचारा. ते दूर असेल तर जवळच्या रुग्णालयात न्या. तिथे योजनेतून प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार होतात. पुढील उपचारासाठी नियुक्त रुग्णालयात हलवावे लागते.
3. पोलिसांना अपघाताची माहिती मिळाली आहे, याची खात्री करा. हा वाहन अपघात होता, याची पुष्टी पोलीस करतात.
4. रुग्णालयातील सर्व कागद जपून ठेवा.

मदत करणाऱ्याला त्रास होईल का?
नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास ‘राह-वीर’ योजनेतून 25,000 रुपयांचे बक्षीस मिळू शकते. जीव वाचण्याची शक्यता याच तासात सर्वाधिक असते.

धडक देणारे वाहन पळून गेले तर?
उपचारांचा लाभ तरीही मिळतो. शिवाय वाहनाचा शोध लागला नाही, तर वेगळी भरपाई आहे: मृत्यू झाल्यास वारसांना 2,00,000 रुपये, गंभीर दुखापतीस 50,000 रुपये. यासाठी अपघात जिथे झाला त्या भागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे (उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार) अर्ज करावा. जखमी गावी परतला असला, तरी अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करायचा असतो.

लक्षात ठेवा: सात दिवसांनंतरचा किंवा दीड लाखांवरील खर्च या योजनेत येत नाही. दाखल झाल्यानंतर लगेचच रुग्णालयाकडे शिल्लक मर्यादेची चौकशी करा, म्हणजे पुढची सोय वेळेत करता येईल.