लाळेचा नमुना : तोंड तेच, मग निकाल वेगळा का?

शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर होतं. सोबत एका अभ्यासासाठी मुलांच्या लाळेचे नमुनेही घ्यायचे होते. संमतीपत्रावर सही करताना एका मुलाच्या अम्मींनी विचारलं, "सर, थुंकीच द्यायची आहे ना? मग नाश्ता न करता कशाला पाठवायचं?" सवाल रास्त आहे. जवाब समजून घेऊ या.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात क्षार, प्रथिनं, हार्मोन आणि असंख्य जंतू असतात. काही खाल्लं, ब्रश किंवा मिस्वाक केली की ती लगेच बदलते. दिवसाच्या वेळेनुसारही बदलते. म्हणून नमुन्याआधी किमान तासभर काही खायचं नाही आणि सर्वांचा नमुना एकाच ठरलेल्या वेळी, बहुधा सकाळी, घेतात.

घेण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत मान झुकवून लाळ आपोआप नळीत पडू देतात. निरोगी मोठ्या माणसाला अशी मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलीलिटर लाळ येते, 0.1 पेक्षा कमी आली तर तोंड कोरडं मानतात. दुसरीत बेचव मेण चघळायला देतात. मग लाळ कितीतरी वाढते आणि तिची आम्लता कमी होते. आता एका मुलाचा नमुना पहिल्या पद्धतीनं आणि दुसऱ्याचा मेण चघळून घेतला, तर दुसऱ्याचे दात किडीपासून जास्त सुरक्षित वाटतील. प्रत्यक्षात फरक फक्त पद्धतीचा!

कापसाच्या बोळ्यानं लाळ टिपली तर काही हार्मोनची मापं चुकतात. हिरड्यांतून रक्त येत असेल तरीही नमुना बिघडतो.

पुढचा प्रश्न साठवणीचा. नमुना तसाच टेबलावर राहिला की जंतू वाढतात, प्रथिनं तुटू लागतात. नळी उघडी राहिली तर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि आम्लता आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून नळी लगेच बंद करून बर्फात ठेवतात. जास्त दिवस ठेवायची तर उणे 80 अंशांवर गोठवतात. मात्र किडीचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून मोजायचे असतील, तर नुसतं गोठवून चालत नाही, कारण बरेच जंतू मरतात. असा नमुना ताजाच पोहोचवावा लागतो.

रमजानमध्ये नमुना मागितला तर? थुंकी बाहेर टाकल्यानं रोजा तुटत नाही. पण मेण चघळायचं असेल तर आधी मौलानांना विचारा. आणि रोजा असल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा. उपाशीपोटी, पाण्याविना लाळ कमी येते. ही नोंद झाली नाही, तर चांगलं तोंडही कोरडं ठरेल.

मुलानं वाटेत बिस्किट खाल्लं असेल तर लाजू नका, खरं सांगा. फार तर नमुना दुसऱ्या दिवशी घेतील. नळीत एकदा शिरलेली चूक मात्र सर्वांत महागडं यंत्रही दुरुस्त करू शकत नाही.