सीटी स्कॅनचा ‘डाय’ आणि आपली किडनी

गेल्या महिन्यात जळोचीतल्या एक मावशी रिपोर्टची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या. पंधरा वर्षांची शुगर, आठवडाभर ताप आणि पोटात दुखणं. डॉक्टरांनी डाय देऊन सीटी स्कॅन सांगितला होता. मावशी म्हणाल्या, “ताई, शेजारीण म्हणते त्या औषधानं किडनी जाते. मी नाही करणार.”

मला वॉर्डातले एक आजोबा आठवले. किडनी आधीच कमजोर, गुडघेदुखीसाठी रोज गोळी, आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. तशातच डाय दिला गेला. कुणी विचारलं नाही आणि घरच्यांनाही सांगायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढलं. उपचारांनी ते सावरले, पण तो त्रास टाळता आला असता.

म्हणून दोन्ही गोष्टी समजून घ्या. डाय म्हणजे शिरेतून देतात ते आयोडीनयुक्त औषध. त्यामुळे रक्तवाहिन्या, गाठ, गळू स्कॅनमध्ये ठळक दिसतात. हे औषध किडनीच बाहेर टाकते. किडनी चांगली असेल तर बहुतेक डाय 24 तासांत लघवीवाटे निघून जातो. पूर्वी वाटायचा तेवढा हा धोका मोठा नाही, असं आता तज्ज्ञ सांगतात. खरी काळजी घ्यायची ती किडनी आधीच कमजोर असलेल्यांनी.

रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि वयावरून ‘ईजीएफआर’ हा आकडा काढतात. तो 30 च्या खाली असेल तर धोका जास्त. अशा वेळी स्कॅनच्या आधी आणि नंतर शिरेतून सलाईन देतात. 30 ते 44 असेल तर डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. म्हाताऱ्या, अशक्त माणसाचं क्रिएटिनिन वरवर ठीक दिसतं, म्हणून ईजीएफआर विचारा.

स्कॅनला जाण्याआधी एवढं करा :

• शुगर, बीपी, किडनीचा किंवा हृदयाचा आजार आणि आधी डायची अॅलर्जी आली असल्यास न विचारताही सांगा.

• जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

• ऊसतोडीला, बांधकामाला, एमआयडीसीत राबणारी आपली माणसं अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेतात. स्कॅनच्या आधी-नंतर दोन दिवस या गोळ्या टाळा. ताप-दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

• ‘उपाशी या’ म्हटलं, तर पाणी चालेल का हे विचारून घ्या. उन्हातून, जुलाब-उलट्यांतून आलेल्या रुग्णाच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं. मात्र हृदय कमजोर असेल किंवा अंगावर सूज असेल, तर भरमसाट पाणी पिऊ नका.

• शुगरची मेटफॉर्मिन गोळी मनानं बंद करू नका. किडनी फार कमजोर असेल तर डॉक्टर ती थांबवतात आणि 48 तासांनी रक्त तपासून पुन्हा सुरू करतात.

• “डायशिवाय किंवा सोनोग्राफीवर भागेल का?” हे विचारायला लाजू नका. मुतखड्यासाठी बहुतेक वेळा साधा सीटी स्कॅन पुरतो.

धोका असलेल्यांनी 48 ते 72 तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावं. लघवी कमी झाली, पाय सुजले, दम लागला तर थांबू नका, लगेच बारामतीच्या सरकारी दवाखान्यात जा. वेळेत गेलं तर किडनी बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होते.

पण अपघात, अर्धांगवायू, छातीत कळ अशी तातडीची वेळ असेल तर रिपोर्टसाठी अडून बसू नका. तिथं जीव आधी.

मावशींचा ईजीएफआर 52 निघाला. भीतीचं कारण नव्हतं. त्यांनी स्कॅन केला आणि यकृतात गळू सापडला. वेळेत उपचार झाले, आता त्या कामावर जातात. शेजारणीचं ऐकून घरी बसल्या असत्या, तर तो गळू जिवावर बेतला असता.

डायला घाबरून स्कॅन टाळू नका आणि न विचारता हातही पुढे करू नका. प्रश्न विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे.