वर्षाकाठी दहा-बारा नोंदी

1644 मध्ये मिंग राजवट कोसळली. देशात एवढे पंडित असताना हे घडलंच कसं, या प्रश्नाने चिनी विद्वानांची झोप उडाली. च्यांगसू प्रांतातल्या कुनशानचे गू यानवू (1613–1682) यांनी दोष थेट आपल्याच जमातीला दिला. मन आणि तत्त्व यांच्या पोकळ चर्चेत पिढ्या गेल्या, मूळ ग्रंथ धड कोणी वाचले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. नव्या राजवटीची चाकरी करू नकोस, असं बजावून त्यांच्या आईने अन्नत्याग करून प्राण सोडले होते. गू यांनी तो शब्द पाळला. घोड्या-खेचरांवर पुस्तकं लादून ते उत्तर चीनभर हिंडले. खिंडीतल्या म्हाताऱ्या शिपायांकडून तिथल्या मुलखाची माहिती घ्यायची आणि आधी ऐकलेल्याशी ती जुळली नाही, तर जवळचे ग्रंथ उघडून ताडून बघायची, हा त्यांचा शिरस्ता.

त्यांच्या टिपणांचा संग्रह म्हणजे 'रिझिलू'. आणखी किती भाग झाले, असं एका मित्राने विचारलं, तेव्हा गू यांनी कळवलं, की वर्षभर दिवसरात्र वाचून जेमतेम दहा-बारा नोंदी हाती लागल्या. आपल्याआधी कुणी तेच सांगितल्याचं आढळलं, की ती नोंद ते काढून टाकत. 32 भागांची पूर्ण आवृत्ती शिष्य पान लेइ यांनी 1695 मध्ये छापली, तेव्हा गू हयात नव्हते. माझ्या मते चिनी विद्वत्तेला खरं वळण इथे मिळालं.

अठराव्या शतकात हीच शिस्त रुजली. छ्येन ताशिन यांनी आपल्या टिपणवहीत प्राचीन ग्रंथांतली नावं आणि शब्द शेजारीशेजारी मांडून दाखवलं, की जुन्या चिनीत 'फ' (इंग्रजी f सारखा) हा उच्चारच नव्हता. आद्य पुरुष फूशी यांचं नाव जुन्या लेखनात 'फ'ऐवजी 'प'ने सुरू झालेलं सापडतं. अशा बारीक पुराव्यांवर तो नियम उभा आहे. दाय चन यांनी प्राचीन तत्त्वज्ञ मेन्सियसचं तत्त्वज्ञान त्यातल्या एकेक संज्ञेच्या अर्थापासून नव्याने तपासलं.

विसाव्या शतकातले छ्येन चोंगशू (1910–1998) याच परंपरेतले. ते ऑक्सफर्डला शिकत असताना तिथल्या बोडलियन ग्रंथालयातून पुस्तकं घरी नेता येत नसत. तिथे जडलेली टिपणांची सवय जन्मभर टिकली. सुरुवातीला टिपणं आणि रोजनिशी एकाच वहीत असत. 1952 च्या कम्युनिस्ट राजवटीच्या 'विचारसुधारणा' मोहिमेच्या काळात खासगी मजकूर तपासला जाण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा त्यांनी घरगुती ओळी कात्रीने कापून टाकल्या. उरलेली पानं फाटकीतुटकी झाली. वह्या पेट्यांतून, खोक्यांतून, गोणपाटातून, उशीच्या अभ्र्यांतूनही फिरल्या, तरी वाचल्या. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत त्यांतूनच 'क्वानच्वेइपिएन' हा ग्रंथ घडला; 1979 मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याची सुरुवातच हेगेलच्या खंडनाने होते. चिनी भाषा सूक्ष्म तत्त्वविचाराला अपुरी आहे, हा हेगेलचा शेरा छ्येन यांनी पहिल्याच नोंदीत खोडून काढला आहे.

त्यांच्या मागे पत्नी यांग च्यांग यांनी वयाच्या नव्वदीत या वह्या लावल्या. 2003 मध्ये तीन खंड निघाले, 2011 मध्ये वीस, आणि परभाषांतल्या टिपणांचे आणखी अठ्ठेचाळीस. सगळे मूळ हस्ताक्षरात, जसेच्या तसे. ग्रंथातला निष्कर्ष लेखकाच्या हाती कसा लागला, हे इथे पानोपानी दिसतं. चिनी विचाराचा इतिहास लिहिणाऱ्याला यापुढे या वह्या वगळून चालणार नाही.